सतरा खड्ड्यांचं पाणी

इथं येणारे अनुभव मी तीन-चार वर्षं गुपचूप वाचतोय. कधी प्रतिक्रिया दिली नाही. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसूच यायचं... मी क्वालिटीचा माणूस. सणसवाडीला एका कंपनीत अठरा वर्षं काढली आणि त्यात एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली – कागदावर नोंद नसेल तर ते काम झालंच नाही असं धरायचं. अशा माणसाला कोणी भुताखेतांचं सांगायला लागलं तर तो काय ऐकणार? तरी आज लिहितोय. बायकोला यातलं अर्धंच माहीत आहे. वय बावन्न झालं, थकलोय, आणि हे पोटात ठेवण्यानं आणखी थकायला होतं.

कंपनी सुटल्यावर मला एका खासगी विद्यापीठात नोकरी लागली. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे रस्ता जातो, त्या रस्त्याला आत. नाव देत नाही. मेंटेनन्स विभागात 'क्वालिटी कोऑर्डिनेटर'. शिकवण्याशी काही संबंध नाही. टाक्या धुतल्या का, लिफ्टची सर्व्हिस झाली का, नळ गळतोय का – याचे तक्ते बनवायचे, रोज भरून घ्यायचे, आणि वर्षातून एकदा बाहेरून ऑडिटर आले की ते त्यांच्यापुढे ठेवायचे. तक्ते सगळे मीच बनवले. त्याचा मला अभिमानही होता.

त्यातला एक तक्ता अर्थिंगच्या खड्ड्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक इमारतीची वीज जमिनीत उतरवायला बाहेर एक खड्डा असतो, वर सिमेंटचं झाकण. आत कोळसा, मीठ आणि खाली पुरलेली पट्टी. माती ओली असली तर गळणारी वीज जमिनीत जाते, कोरडी असली तर जात नाही, मग वॉटर कूलरला हात लावणाऱ्याला झटका बसतो. आमच्याकडची जमीन मुरमाड, फेब्रुवारीपासून भेगा पडतात. म्हणून रोज पाणी घालावं लागतं. असे खड्डे आमच्याकडे सतरा.

हे काम किसनमामांचं. खुटबावचे. साठीला टेकलेले, कंत्राटदाराकडून लागलेले, पण विद्यापीठ सुरू झालं तेव्हापासूनचे. सकाळी दहाला दोन बादल्या घेऊन निघायचे, मूठभर खडेमीठ टाकायचे, वरून पाणी, झाकण लावायचं आणि पुढचा खड्डा. नंबर मोठ्यानं म्हणायचे. एक झाला... दोन झाला... मुलं चिडवायची, मामा सतराचा पाढा येतो का. मामा म्हणायचे, "मला येकच सतरा येतं, बाळा. ते रोज येतं."

सही करायची त्यांची पद्धत वेगळी होती. आधी लांब शिरोरेघ ओढायचे, मग दोरीला कपडे वाळत घालावेत तशी खाली 'किसन' ही अक्षरं टांगायचे.

मागच्या जानेवारीत मामांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. घरी नेलं. कंत्राटदारानं दुसरा माणूस दिला नाही. मी झाडूवाल्यांना सांगितलं, जमेल तसं पाणी टाकत जा. त्यांनी हो म्हटलं आणि कोणी टाकलं नाही, हे मला माहीत होतं.

आता जे लिहितो ते आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

तक्त्यात 'जबाबदार व्यक्ती'च्या खाली मामांचं नाव छापलेलं होतं. ते बदलायचं तर फॉरमॅटची रिव्हिजन, मंजुरी, नव्या माणसाच्या ट्रेनिंगची नोंद... हे सगळे नियम मीच आणलेले. त्यापेक्षा सोपं काय, तर मी रोज सकाळी चहा झाला की त्या तक्त्यावर मामांच्या सह्या करायला लागलो. आधी शिरोरेघ, मग अक्षरं. सतरा ओळी, सतरा सह्या. पहिल्या आठवड्यात हात अडखळला, नंतर इतकी सवय झाली की फोनवर बोलता बोलता करायचो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.

मे महिन्यात ऑडिट होतं. त्याआधी खड्ड्यांची मीटरनं तपासणी करायची असते. तीन महिने थेंब नाही, त्यात हा उन्हाळा. आकडे खराब येणार हे धरूनच मी आमच्या इलेक्ट्रिशियनबरोबर गेलो. रामनरेश, गोरखपूरकडचा, बोलायला फटकळ. त्यानं पहिलं झाकण उचललं आणि आत हात घातला.

"साहब, ये तो गीला है. कौन डालता है पानी?"

दुसरा ओला. तिसरा ओला. सतराच्या सतरा ओले, कडेला मिठाचा पांढरा थर. मीटरचे आकडे मामा असताना यायचे तितकेच चांगले. रामनरेश म्हणाला, तुम्ही उगाच घाबरत होता. मी हो म्हटलं.

मग मी शोध घ्यायला लागलो. झाडूवाले म्हणाले आम्ही नाही. बागेतले आप्पा म्हणाले, मला माझ्या झाडांना पुरत नाही. स्टोअरमध्ये जानेवारीत आलेली मिठाची गोणी तशीच शिवलेली होती. तुम्ही विचाराल, कॅमेरे नव्हते का... होते. हॉस्टेलच्या मागचा अकरा नंबरचा खड्डा कॅमेऱ्यात येतो. मी एका सकाळचं रेकॉर्डिंग पाहिलं. दहा वाजता झाकणाभोवतीची माती कोरडी. साडेदहाला ओली. मधे कोणी नाही. एक मुलगा फोनवर बोलत जातो, त्याचा पाय चिखलात पडतो, तो थांबून आधी खाली बघतो, मग वर बघतो, आणि जातो. मी ते सहा वेळा पाहिलं. पाइप फुटलाय का तेही उकरून पाहिलं. त्या बाजूला पाइपच नाही.

तरीही मी सह्या बंद केल्या नाहीत. आकडे चांगले येतायत ना, मग कशाला?

त्यानंतरच्या आठवड्यात प्रिंटरचं टोनर संपलं. तक्ता दोन पानांचा – पहिल्या पानावर बारा खड्डे, दुसऱ्यावर पाच. पहिल्या पानाच्या जुन्या प्रती होत्या, दुसरं पान चार दिवस निघालंच नाही. मी बारा सह्या करायचो आणि बाकीच्या नंतर भरू म्हणून सोडून द्यायचो. चौथ्या दिवशी रामनरेश आला. म्हणाला, तेरापासून सतरापर्यंत पाचही खड्डे सुकलेत, माती पापड झालीय. बाकीचे बारा ओले.

मी खुर्चीत बसलो होतो. त्याला चहा मागवू का विचारलं, एवढं आठवतंय.

तो शनिवार होता. रविवारी गाडी काढली, पारगावचा पूल ओलांडून केडगावमार्गे खुटबावला गेलो. जानेवारीपासून एकदाही गेलो नव्हतो. मामांची खाट घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी झेंडूचा वाफा. मामा अर्धे राहिले होते. मामींनी पाणी दिलं आणि माझ्याशी न बोलता त्यांचं तोंड पुसत राहिल्या. मीच विचारलं, झोप लागते का, जेवण कसं आहे. मग त्या बोलल्या.

"रात भर निजत्यात. पर सकाळी धाला का काय हुतं... उजवा हात हलाया लागतो. उचलायचा, वतायचा. घामानं पार भिजत्यात. हाताला चाटून बघितलं मी, खारट लागतंय. आन् मोजत्यात. येक झाला, दोन झाला. सतरापतुर गेलं की गळून पडत्यात, दिसभर डोळा उघडत न्हाई. डाक्टर म्हनतो, डोक्याचं हाय."

मी मामांच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"मधी वाईच उतार पडला म्हनलं," मामी म्हणाल्या. "चार दिस झालं, बाराला थांबत्यात. दुपारी घोटभर पेज पन पेले. आज तर मोजलंच न्हाई, आयतवारी मोजतच न्हाईत."

रविवारी मी सह्या करत नाही.

मामा जागे होते. मला ओळखलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द जड, पण कळत होतं. मला वाटलं रागावतील, निदान इतके दिवस कुठं होतात म्हणतील. ते नेहमी स्टोअरच्या दारात उभे राहून बोलायचे त्याच अदबीनं म्हणाले, "सायेब, सतरा लई व्हत्यात आता. जोडीला कुनीतरी द्या."

मी म्हणालो, देतो मामा. उद्यापासून देतो.

इथंवर वाचून तुम्हाला वाटेल, याला कळलं ना, मग यानं सोमवारी सह्या थांबवल्या असतील. गुरुवार-शुक्रवार ऑडिट होतं. मी सोमवारी सकाळी मॅनेजरसाहेबांना फक्त इतकंच म्हटलं की मामांचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं टाकू. ते हसले. "ऑडिटच्या तोंडावर रिव्हिजन? अहो, हे नियम तुम्हीच शिकवलेत आम्हाला." चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणाले. मलाही तेच वाटलं. चार दिवस... पाच धरा. तक्ता कोरा ठेवला असता तर ऑडिटरनं माझ्या नावानं शेरा लिहिला असता, आणि माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. स्वतः बादली उचलून, स्वतःच्या नावानं सही करता आली असती. तेही मनात आलं होतं. सूटबूट घातलेली माणसं यायची होती आणि मला बादली घेऊन फिरायची लाज वाटली. हे लिहायला मला वर्ष लागलं.

सोमवारी टोनर आलं, सतरा सह्या केल्या. मंगळवारी, बुधवारी केल्या. त्या वेळी मी डोळे मिटून घ्यायचो, जणू काही त्यानं फरक पडणार होता. गुरुवारी ऑडिटर माझ्या टेबलासमोरच बसले होते. त्यांच्या देखत सह्या करता येईनात म्हणून मी तक्ता घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि बेसिनच्या कठड्यावर ठेवून केल्या. दुपारी त्यांनी तीन खड्डे उघडून बघितले. ओले. मीटर लावलं. आकडे उत्तम. शुक्रवारी सकाळी पुन्हा तिथंच सतरा सह्या केल्या. नंतर समारोपाच्या बैठकीत त्यांनी अर्थिंगच्या नोंदींचं खास नाव घेऊन कौतुक केलं – रोजची शिस्त दिसते म्हणाले. टाळ्या झाल्या. खिशात माझा फोन थरथरत होता.

मामा सकाळी साडेदहाच्या सुमाराला गेले. फोन मामींच्या शेजाऱ्यांचा होता. 'पंधरा झाला' एवढं मामा म्हणाले, आणि हात खाली आला. दोन राहिले होते.

त्यानंतरच्या सोमवारपासून मी स्वतः पाणी घालतो आणि माझ्या नावानं सही करतो. रिव्हिजन एका दिवसात मंजूर झाली, कुणी काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी मला दोन बादल्या घेऊन चाललेलं बघून बागेतले आप्पा म्हणाले, "सायेब, प्रमोशन झालं म्हनायचं." सतरा खड्ड्यांना सव्वा तास लागतो. डावा खांदा भरून येतो. ज्या दिवशी मी रजेवर असतो त्या दिवशी खड्डे कोरडे राहतात. मुद्दाम तपासलंय.

मी सगळ्या शक्यता धरून बघितल्या. जमिनीतून पाझर असेल. कुणीतरी खरंच घालत असेल आणि मला सांगत नसेल. मामांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं हलत असेल, डॉक्टर म्हणाले तसं. यातली एकेक गोष्ट पटवून घेता येते. पण मामा ते चार दिवस बाराला का थांबले, हे कशातच बसत नाही. मामींना प्रिंटरचं कुठून माहीत असणार?

तेराव्यानंतर मी पुन्हा खुटबावला गेलो. मामींना सगळं सांगितलं. तक्ता, सह्या, शिरोरेघ, टोनर, आणि शेवटचे पाच दिवस. त्या झेंडूची फुलं तोडत होत्या. हात थांबला नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"म्हंजी तुमी सही केली का ह्येस्नी जावं लागायचं?"

मला माहीत नाही, मी म्हणालो. पण तसंच दिसतं.

"त्या कागदावर मान्साची रजा लिव्हता येती का?"

येते, म्हणालो. तसा रकाना आहे.

"मंग येक दिस रजा लिव्हायची व्हती, सायेब."

ऑडिट होतं, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, म्हंजी काय? मी सांगायला लागलो – बाहेरची माणसं येतात मामी, आपली कामं खरोखर होतात का, कोण करतं, नीट करतं का, ते तपासतात... आणि तिथंच थांबलो. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खाली ठेवलेली टोपली उचलली आणि उरलेली फुलं तोडायला लागलो.