उभी आत्या

रेणापूरजवळच्या आमच्या गावात माझ्या आत्याला सगळे 'उभी आत्या' म्हणत. कुणाच्या घरी गेली की दाराशी उभ्यानंच बोलायची, उभ्यानंच चहा प्यायची. कुणी सतरंजी पुढे केली तर म्हणायची, "बसलं की उठू वाटत न्हाई बाई, असंच बरं हाय." एसटीत जागा असली तरी दांडा धरून उभी. नवऱ्यानं तिला कोवळ्या वयातच माहेरी आणून सोडलं होतं. का सोडलं, हे घरात कुणी बोलत नसे.

दुसरी खोड पाण्याची. दिवसातून कितीदा तरी ती लुगडं बदलायची, धुवायची. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात सोवळं-ओवळं कसलं उरलं नव्हतं, म्हणून आई चिडवायची, "अक्का, तुमीच तेवढ्या सोवळ्या राहिल्या बघा." आत्या हसून बादली उचलायची.

मोठा दुष्काळ पडला आणि हे चिडवणं तिखट झालं. विहिरी आटल्या. नदीच्या पात्रात खड्डा खणून वाटी-वाटीनं घागर भरावी लागे. "हितं प्यायला न्हाई, अन् ह्या बाईला धुणं सुचायलंय," बायका तोंडावर बोलत. आत्या कधी भांडली नाही. सगळ्यांचं भरून झालं की ती खड्ड्यात उतरायची आणि उरलंसुरलं गढूळ पाणी घेऊन यायची. आपल्या वाटचं प्यायचं पाणीसुद्धा ती धुण्याला घालते, हे मी पाहिलं होतं. मला तिचा राग यायचा. हे कसलं वेड, असं वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरत आलं. मला पंधरावं लागलं होतं. वडील खडी फोडायच्या कामावर जात होते. खाणारं एक तोंड कमी होईल, असं त्यांच्या मनात होतं. त्या दिवसांत त्यांना तरी काय बोल लावायचा! नायगावचे पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "लौकर उरका. वरसाच्या आत पाळणा हलला म्हंजे आमी मोकळे." वडील हो म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात दाराशी उभी असलेली आत्या आत आली.

"ह्याच वयात म्या बाळंत झाले," ती म्हणाली. "लेकरू अडलं. दोन-तीन दिस अडलं. ते तर गेलंच, पर तवापासून माझी लघवी थांबत न्हाई. कवाच न्हाई. म्हणून नवऱ्यानं टाकलं, अन् म्हणूनच मी कुणाकडं टेकत न्हाई. बापू, पोरीची हाडं भरू दे. आज हिला दिलंस तर माझंच लुगडं हिला नेसवलंस म्हणून समज."

परक्या पुरुषांसमोर बाईमाणसानं असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. धाकटा भाऊ असूनही वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पाहुणे चहा न घेताच उठले. त्या दिवसापासून आई आमच्या घागरीतलं पहिलं पाणी आत्याला देऊ लागली.

मी शिकले, शाळेत नोकरीला लागले, आणि लग्न चोविशीत झालं. "थोराड झाली, आता कसलं लेकरू!" हेही ऐकून घेतलं. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास तिथल्या दवाखान्यात मला मुलगी झाली. "पहिलटकरणीला हे वय चांगलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोवळ्या पोरींची कंबर भरलेली नसते, म्हणून मूल अडतं." मग मी त्यांना आत्याचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घेऊन या त्यांना. अडलेल्या मुलाच्या दाबानं आत भोक पडतं, त्याला टाके घालता येतात."

आत्याला नेलं, टाके घातले. लघवीची नळी काढल्यावर तिचा विश्वासच बसेना. सारखी हातानं चादर चाचपून बघायची. चादर कोरडी. पन्नाशीला आली होती ती. मग तिनं मला जवळ बोलावलं.

"बाई, हे टाके तवाबी घालत व्हते का?"

मोठ्या शहरांत हे फार पूर्वीपासून होत होतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं.

"नव्हते घालत, आत्या," मी म्हणाले.

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

आत्या जाऊन आता खूप वर्षं झाली. तिनं आज समोर येऊन तेच विचारलं, तरी मी तेच सांगेन.