कॅरमवरची विभूती

कॅरमची पावडर संपली, तेव्हा मी शिवप्रकाशच्या खिडकीतली कागदात गुंडाळलेली पांढरी वडी काढली, स्टीलच्या पेल्याच्या बुडाने ठेचली आणि बोर्डभर भुरभुरली. आयुष्यात इतका चांगला कॅरम मी ना त्याआधी खेळलो, ना नंतर. स्ट्रायकर असा सुटायचा, की टिचकी मारायच्या आधीच त्याला कुठं जायचंय ते ठाऊक असावं. राणी घेतली, वर कव्हर घेतलं. शेजारच्या खोलीतला बजरंग, ज्याने मला सबंध पहिलं वर्ष हरवलं होतं, तो समोर बसून नखं कुरतडत होता.

तेवढ्यात शिवप्रकाश आंघोळ करून आला. कमरेला टॉवेल, अंगावर पाणी. खिडकीशी गेला, कागद उलगडला, झटकला, पुन्हा घडी घातला.

"वडी कुठाय मालक?"

मी बोर्डाकडे बोट दाखवलं, तेही जरा ऐटीत. तू लपवून ठेवलीस तरी आम्ही शोधून काढली, असा माझा आव होता.

शिवप्रकाशने बोर्डावर एक बोट टेकवलं, वर धरून पाहिलं आणि सावकाश खाटेवर बसला. मग बजरंगच मला म्हणाला, "येड्या, विभूती हाय ती."

आता माझी बाजूही ऐकून घ्या. शिवप्रकाश हा आमच्या वसतिगृहाचा कॅरमचा बादशहा. अशा माणसाच्या खिडकीत पांढरंशुभ्र, मऊसूत काहीतरी कागदात जपून ठेवलेलं दिसलं, तर ती त्याची खास पावडर, जिंकायचं गुपित, असंच कुणालाही वाटेल. आम्ही एका खोलीत आलो त्याला आठवडाच झाला होता. त्याच्या कपाळावरचे तीन पट्टे मी रोज बघत होतो. पण ते येतात कुठून, हा विचार मी केला नव्हता. पिशवीतून दूध येतं, नळातून पाणी येतं, तसे शिवप्रकाशच्या कपाळावर पट्टे येतात, एवढंच मी धरून चाललो होतो.

शिवप्रकाश सोनपेठच्या बाजूचा. गोदावरीच्या काठाला थोडी शेती, घरात वडील आणि आई चन्नबसम्मा. उंचीने असा, की वसतिगृहाच्या खाटेवर झोपला की पाय दांडीच्या बाहेर आणि टाचा व्हरांड्यातून जाणाऱ्यांना दिसायच्या. तो सगळ्यांना मालक म्हणायचा. मला मालक, वॉचमनला मालक, रेक्टर सरांनाही एकदा चुकून मालक. मेसच्या दारात एक पांढरं कुत्रं पडलेलं असायचं, त्यालाही "सरका मालक" म्हणूनच तो आत जायचा, आणि कुत्रं सरकायचं. आमच्यासाठी सरकत नसे.

त्याच्या ट्रंकेला कुलूप नव्हतं. घरून आलेली कारळाची चटणी ट्रंकेत, आणि ट्रंक सगळ्यांची. कुणाची दोरी, कुणाचा साबण, कुणाचा चार्जर हरवला की पोरं सरळ आमच्या खोलीत यायची, ट्रंक उघडायची आणि त्याला न विचारता त्याचा घेऊन जायची. तेव्हा खिडकीतली वडी उचलताना मी विचारलं नाही, यात वसतिगृहाच्या रीतीबाहेरचं काही केलं, असं मला अजूनही वाटत नाही.

मेस सेक्रेटरी तो असाच झाला. वरणात डाळ शोधावी लागते म्हणून मेसमध्ये मोठी सभा भरली होती. प्रत्येकजण उठून भाषण करत होता. शिवप्रकाश कोपऱ्यात जेवत होता. कुणीतरी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, जेवण होऊ द्या, मग सांगतो. एवढ्यावर तो बिनविरोध निवडून आला. तक्रार असूनही जो नीट जेवतो, त्याच्याच हाती मेस द्यावी, असा पोरांनी विचार केला असणार.

आणि मी वडी ठेचली तो रविवार फीस्टचा होता. फीस्ट म्हणजे महिन्यातून एकदा गोडाचं जेवण. आजवर दर फीस्टला तेच पाकिटातले गुलाबजाम व्हायचे, ज्यांचा पाक गोड आणि गोळा रबरी. या वेळी शिवप्रकाशने सांगितलं होतं, हुग्गी करायची. अर्ध्या पोरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. गूळ, खोबरं, सुंठ, वेलदोडा, खसखस घालून तासनतास हलवत शिजवायची आणि वर तूप ओतायचं. त्याच्या घरी पंचमीला होते. त्या वर्षी पंचमीला परीक्षा आली आणि तो घरी जाऊ शकला नाही. पोळ्याला प्रॅक्टिकल आलं. मग चन्नबसम्मांनी गहू सडून, पाखडून सोनपेठच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केले होते. स्टँडवरून ते पोतं शिवप्रकाशने असं आणलं होतं, जसं कुणी लहान भावाला शाळेतून आणतं.

त्या दिवशी उजाडल्यापासून तो मेसमध्ये, स्वयंपाकाच्या चांगुणामावशींबरोबर. मावशी वाटण करत होत्या आणि तो भलं मोठं लाकडी उलथणं धरून कढई हलवत होता. बुडाला लागू द्यायचं नाही, म्हणून हात थांबू द्यायचा नाही. घामाने भिजला, चहा नाही, पाणी नाही. कारण पूजा केल्याशिवाय तो तोंडात काही घालत नसे. हुग्गी उतरली, की आंघोळ, मग विभूती लावून गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग पंगत. सगळं असं ठरलेलं. आणि त्याच वेळात मी इकडे राणी घेत होतो.

तर आता मुख्य प्रश्न असा होता, की ज्याच्या जिवावर हुग्गी झाली तो ती खाणार की नाही.

मी एकेक उपाय सुचवायला लागलो. उदबत्तीची राख चालेल का? वर्गातला खडू? कपाटात माझी अंगाला लावायची पावडर होती, गुलाबाच्या वासाची. तीही पुढे केली. शिवप्रकाशने डबा हातात घेतला, वास घेतला, परत दिला. बोर्डावरूनच गोळा करू, असंही मी म्हणालो. त्यावर बजरंगने माझ्याकडे असं बघितलं, की मी पावडरचा डबा परत कपाटात ठेवला. शिवप्रकाशच्या समाजातला आणखी एक मुलगा वरच्या मजल्यावर होता, पण तो रविवारचा गावी गेलेला आणि खोलीला कुलूप.

शिवप्रकाश रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कापड ओलं केलं, बोर्ड हळूहळू पुसून घेतला, कापड बादलीत पिळलं आणि ते पाणी खाली नेऊन कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. बोर्डाचा एक कोपरा त्या ओल्या पुसण्याने खाली वाकला, आणि पुढं कायम त्या वसतिगृहात कुणीही कुठूनही मारलं तरी सोंगटी त्याच कोपऱ्यात जायची. वर येऊन तो म्हणाला, "तुमी जेवून घ्या मालक. माझं बघू."

हे वाक्य मला जड गेलं. मी बजरंगकडून मोटारसायकलची किल्ली घेतली आणि गावात निघालो.

बाजारपेठेत वीरभद्रअप्पांचं किराणा दुकान आहे, आणि त्यांच्याही कपाळावर तसेच तीन पट्टे असतात. दुकानाला फळी लागली होती, पण घर मागेच. त्यांच्या घरच्या रुद्राणीअक्कांनी दार उघडलं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, अक्का, विभूतीची एक वडी पाहिजे, घाईत आहे. अक्का म्हणाल्या, अप्पा पूजेला बसलेत. विभूती त्यांच्याजवळच्या पेटीत हाय, अन् पूजेत त्यांना बोलायचं न्हाई. बसा.

मी बसलो. पण त्या घरात बसलेल्या माणसापुढे ताट न येणं ही अशक्य गोष्ट होती. मी सांगून पाहिलं, की तिकडे माझा मित्र उपाशी आहे. झाला प्रकारही सांगितला, कॅरमसकट. अक्का पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "त्याची पूजा व्हायचीय म्हणून तो थांबलाय. तुमाला कुनी आडवलंय?"

ताटात शेंगाची पोळी आली. पातळ, खुसखुशीत, आत शेंगदाणे आणि गूळ. मी म्हणालो, एकच. आतून अप्पांचं पुटपुटणं ऐकू येत होतं आणि ते संपत नव्हतं. दुसरी आली. खिशात फोन थरथरत होता. बजरंगचा मेसेज, कुठं हायस. मी डाव्या हाताने लिहिलं, विभूतीपाशीच आहे. हे खरंच होतं. तिसऱ्या पोळीवर अक्कांनी तूप ओतलं, मग कढी आली, मग भात आला, कारण कढी आलेली होती. मला शिवप्रकाशच्या रिकाम्या पोटाची फार आठवण येत होती, आणि दर आठवणीला माझा घास मोठा होत होता. माणसाला काळजीत भूक लागते हे मला तेव्हा कळलं.

अप्पा बाहेर आले. सगळं ऐकलं, हसले नाहीत. पेटीतून एक वडी काढली, स्वच्छ फडक्यात बांधली आणि माझ्या दोन्ही हातांत दिली. पोराला सांगा, म्हणाले, वडी संपली की सरळ इथं यायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमीबी या, पर कॅरम घरी ठेवून.

मी परत आलो तेव्हा मला वाटलं होतं, की पंगती उठल्या असतील, कढई रिकामी असेल आणि शिवप्रकाश खाटेवर छताकडे बघत पडला असेल. पण मेसमध्ये सगळं वसतिगृह बसलेलं होतं आणि ताटं रिकामी. पोरं चमच्यांनी ताटं वाजवत होती. मला बघून वाजवणं थांबलं, ते जास्त वाईट होतं.

झालं होतं असं. शिवप्रकाशने स्वतः येऊन पोरांना बसवलं होतं, वाढायला घ्या म्हणून मावशींना सांगितलं होतं. चांगुणामावशींनी कढईवर झाकण ठेवलं, झाकणावर पोळपाट ठेवला आणि शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"ज्यानं हलवलंय त्याच्या आधी कुनी खायाचं न्हाई," एवढंच बोलल्या.

सेक्रेटरीचंही ऐकायला त्या तयार नव्हत्या. पोरांनी आधी कुरकुर केली, मग एकेकाला ते पटलं, मग सगळ्यांनी मिळून माझ्या नावाने शिमगा केला. वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो आधीच फिरत होता. कुणीतरी माझ्या कपाळावर राणी चिकटवली होती.

शिवप्रकाश दाराशी उभा होता. मी फडकं पुढं केलं. त्याने ते उघडलं, वडी पाहिली, कपाळाला टेकवली आणि वर गेला. एवढी शांतता त्या मेसने परीक्षेच्या दिवसांतसुद्धा पाहिली नसेल. वर त्याची पूजा, खाली आमची भूक, म्हणजे त्यांची. माझी नव्हतीच. मी आपला सर्वांत मागच्या ओळीत, रिकाम्या ताटापुढं, होईल तेवढा भुकेला चेहरा करून बसलो होतो.

तो उतरला तेव्हा कपाळावर तीन पट्टे होते, ताजे, सरळ. पोरांनी पुन्हा ताटं वाजवली. चांगुणामावशींनी पोळपाट काढला, झाकण काढलं, आणि सुंठ-वेलदोड्याचा असा वास सुटला, की दारातलं पांढरं कुत्रं उठून उभं राहिलं. शिवप्रकाश माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसला. पहिला डाव मावशींनी त्याच्या ताटात वाढला. त्याने बोटाने थोडी हुग्गी घेतली, चाखली, आणि डोळे मिटले. पंचमी, पोळा आणि सोनपेठची एसटी, सगळं त्या घासात आलं असावं.

मला भरून आलं. खाल्लंही जास्त होतं. मी त्याच्याकडे सरकलो आणि अगदी मनापासून म्हणालो, "शिवप्रकाश, माझ्यामुळे तुला उपाशी राहावं लागलं. तू म्हणशील ते करतो, पण मनात राग ठेवू नकोस."

शिवप्रकाशने डोळे उघडले. माझ्या शर्टावर पडलेला तुपाचा डाग पाहिला. मिशीत अडकलेला शेंगदाण्याचा कूट पाहिला. मग दुसरा घास घेतला, नीट चावून गिळला आणि म्हणाला,

"तुमचं जेवन झालंय, मालक, उठा अन् वाढायला घ्या."