कूस बदलताना

वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी मे महिन्यात वेल्ह्याला आले. वडील तेव्हा तिथल्या कचेरीत कारकून होते. भोरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा तिथे येत. मी आल्याचे कळताच त्यांनी जवळच्या गुंजवणे गावातली एक रोगी माझ्याकडे सोपवली. साठीच्या शेतकरी बाई होत्या; पोटातली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली होती. उपाय एवढाच, की अफूचा अर्क थेंब मोजून द्यायचा. बाटली त्या घरी ठेवायची नाही, असे डॉक्टरांनी मला दोनदा बजावले. मी रोज सकाळी चालत जाई, दिवसभर थांबे आणि रात्रीपुरते औषध सुनेच्या हाती मोजून देऊन परते.

पहिल्या दिवशी मी त्यांची पाठ तपासली. चार महिने अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या कमरेवर आणि टाचांवर जखमा असणारच, अशी माझी खात्री होती. पुण्याच्या इस्पितळात, परिचारिका हाताशी असूनही, अशा जखमा मी तीन आठवड्यांतच पडताना पाहिल्या होत्या. इथे मात्र कातडी कागदासारखी पातळ, पण अखंड होती. मी पुन्हा पाहिले. एकही जखम नव्हती.

"हे कसं केलंत?" मी त्यांच्या मुलाला विचारले.

त्याला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "बैल दुखण्यानं बसला की कसं करत्यात? दिसातनं चार डाव कूस बदलायची, खालचा पेंढा बदलायचा. आयेला बी तसंच. बैलापरीस हलकी हाये."

"बैल बरा," सून म्हणाली. "त्यो वळवताना शिव्या देत न्हाई."

"तुज्यासारखी वळवणारी भेटली आस्ती, तर त्यो बी शिकला आस्ता," अंथरुणातून आवाज आला.

त्यांची रीत मी वहीत टिपून घेतली. आधी वरच्या पायाचा गुडघा दुमडायचा; मुलाचा हात कमरेखाली, सुनेचा खांद्याखाली; दोघांनी एकदम श्वास घ्यायचा आणि वळवायचे. शेवटी घोट्याखाली पेंढ्याची उशी. आमच्या पाठ्यपुस्तकात या कामाला दोन ओळी दिल्या होत्या.

पाचव्या दिवशी मुलगा आणि सून भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळायला, शेतावर गेली होती. आजींनी माझ्या पिशवीकडे पाहिले.

"पोरी, त्या बाटलीत किती हाय?"

"का, आजी?"

"समदी दिलीस तर?"

उत्तर मला ठाऊक होते आणि त्यांनाही. मी एकेक गोष्ट तपासून पाहिली. रोग बरा होणारा नाही. वेदना खरी आहे. बुद्धी शाबूत आहे. मागणी त्यांची स्वतःची आहे. यातले काहीच मला खोडता येईना; आणि तरीही हात पिशवीकडे जाईना.

"फार दुखतं का?"

"दुखतं. पन त्ये न्हवं. राबाचं दिस हायेत. दोन माणसं दिसातनं चार डाव शेत टाकून घरी येत्यात. म्या मोकळी झाले की ती बी मोकळी."

म्हणजे 'मागणी स्वतःची' हे माझे गृहीतक पक्के नव्हते. मग ज्यांच्यासाठी त्या हे मागत होत्या, त्यांना विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता. आजींना तसे सांगूनच, मुलगा आणि सून दुपारी परतल्यावर, मी आजींच्या देखत तो प्रश्न त्या दोघांपुढे मांडला. मुलगा खाली बसला. सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"व्हय का, आत्याबाई? इस वर्सं मला ह्या घरात नाचवलीत, आन् आता माजी पाळी आली तर पळून जाताय? न्हाई जमायचं." मग ती नवऱ्याकडे वळली. "बघत काय बसलाय? धरा कमरंला."

आजी हसल्या. हसताना पोट दुखले, तरी हसत राहिल्या.

त्या दिवसापासून मी औषधाची वेळ बदलली. कूस बदलण्याच्या अर्धा तास आधी थेंब देऊ लागले. कण्हणे पुष्कळ कमी झाले. पण सगळे सुरळीत झाले असे लिहिणे खोटे ठरेल. आजींनी त्यानंतरही एकदा तेच मागितले, तेव्हा घरात कोणी नव्हते आणि कारण निव्वळ वेदना हेच होते. डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेपर्यंत मी थेंब वाढवले आणि पुढे नकार दिला. पहिल्या नकाराची कारणे मी आजही सांगू शकते. दुसऱ्याची सांगता येत नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी दोघे राबावरून आले, तेव्हा त्यांच्या दंडांना राख लागली होती. त्यांनी हातपाय धुतले. गुडघा दुमडला, हात खाली गेले, श्वास घेतला. आणि अर्ध्या वळणावर आजींचा श्वास थांबला. माझ्या बोटांखाली नाडी नव्हती. मी वर पाहिले. दोघांनाही कळले होते. त्यांच्या हातांना ते माझ्याआधी कळले असावे.

त्यांनी हात काढले नाहीत. ज्या संथपणे चार महिने वळवले, त्याच संथपणे आजींना डाव्या कुशीवर नेले, पाठीमागचा पेंढा सारखा केला. सुनेने घोट्याखाली उशी सरकवली, ती नीट बसली का हे बोटाने चाचपून पाहिले, आणि मग ती रडली.