शेषरावभाऊंचा कूलर

अकोल्याच्या एमआयडीसीत पत्र्याला रंग देणारा एक कारखाना आहे. तिथं शेषरावभाऊ ढोले सोळा वर्षांपासून पत्रा सांभाळतात. ओल्या रंगाला कशाचाच स्पर्श चालत नाही, म्हणून पोलादी पत्रा वरून-खालून सोडलेल्या हवेवर तरंगत धावतो. भाऊ त्याला नवरदेव म्हणतात, इतके त्याचे लाड!

मे महिन्यात हा नवरदेव अंगात आल्यासारखा थरथरू लागला. रोज दुपारी रंगावर ओरखडे. "उद्यापर्यंत कारण सापडलं नाही, तर रंगाची लाइन बंद," कारखान्याच्या मॅनेजर मंजुषा मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी हवेची सगळी भोकं साफ केली, तरी थरथर तशीच. मग त्यांची नजर खिडकीतल्या कूलरवर गेली. कारखान्याच्या साहेबांशी दोन वर्षं भांडून तो त्यांनीच याच महिन्यात बसवून घेतला होता; दुपारी ऊन तापलं की तो सुरू व्हायचा. भाऊंनी बटण दाबून तो बंद केला. पत्रा शांत झाला.

"काहून बंद केला, भाऊ? सेहेचाळीस डिग्रीत मारता का आमाले?" लाइनवर काम करणाऱ्या शकुनबाई ओरडल्या.

"त्याच्या वाऱ्यानंच पत्रा हालून राहिला, बाई."

"मंग तोंड फिरवा त्याचं!"

"कसाबी फिरवा, वारा तिकडंच जाते."

"मॅडमले सांगू नका मंग."

"अन् लाइन बंद झाल्यावर घरी बसून वारा खाता का?"

एरवी भाऊंच्या बोलण्यावर सगळे खो-खो हसायचे. आज कोणी हसलं नाही. भाऊ मान खाली घालून कूलरचं सांगायला मॅडमच्या केबिनकडे निघाले.