शेजाऱ्याची कालवड, माझा खोंड

शेजाऱ्याच्या गाईला कालवड होते आणि माझ्या गाईला खोंड. दोघींची जात एकच, जर्सी. रेतन करणारा डॉक्टरही एकच. मग हा पक्षपात कोण करतो? पहिल्या वेळी मी हसलो. पुढच्या वेळी डॉक्टरवर संशय घेतला. त्यानंतर पुन्हा शेजाऱ्याकडून खरवस आला, तो मी डोळे मिटून खाल्ला आणि गोड लागला याचाच जास्त राग आला.

जर्सीची कालवड म्हणजे उद्याचं दूध. तिला गिऱ्हाईक घरापर्यंत चालत येतं. खोंडाला कोण विचारतो? तरी मी माझा खोंड मलकापूरच्या बाजारात नेला. शेजाऱ्यानंही कालवड आणलेली. तो चहा प्यायच्या आत मोकळा झाला. माझ्याकडे ऊन कलल्यावर एक दलाल फिरकला.

"पावणं, वशिंड कुठं हाय ह्याचं?"

"जर्सीला नसतंय."

"मग जू कशावर ठिवू? तुमच्या खांद्यावर?"

भोवतालचे हसले. शेजारी सगळ्यांत मोठ्यानं.

तिथंच मी निश्चय केला. बैलगाडी शर्यती पुन्हा सुरू झालेल्या, खिलार खोंडाला सोन्याचा भाव आलेला. तिथला हिशेबच उलटा: खोंड राजा, कालवड बिचारी. आणि माझ्या दावणीला खोंडच होतो, हे तर सिद्धच होतं! मी जर्सी विकली, गाभण खिलार आणली आणि गल्लीभर सांगत सुटलो, "आता बघाच!"

खिलारीला कालवड झाली.

शेजारी बघायला आलाच. मी टोमण्याची वाट पाहत उभा. त्यानं वासराच्या पाठीवरून हात फिरवला आणि कान चाचपले.

"मर्दा, देतोस काय? दारात एक खिलार पायजे हाय. खोंडाचा भाव देतो."

बायको आतून धावत आली. "आवं, द्या की! खोंडाचा भाव म्हणत्यात भावजी!"

असा सौदा पुन्हा मिळणार नव्हता. पण त्याची नजर कालवडीवरून हलत नव्हती. ती नजर मला चांगली ओळखीची. इतकी वर्षं मी त्याच्या गोठ्याकडे तशीच लावून बसलो होतो. त्या नजरेचा भाव कुठल्या बाजारात होणार?

"न्हाय इकायची," मी म्हणालो. त्याचं तोंड असं पडलं, की मला खरवस दुप्पट गोड लागला असता.

आता मी कालवडीला रोज सकाळी त्याच्या कुंपणालगत बांधतो. बायको म्हणते, तिथं तिला ऊन लागतं. लागू दे. छत्री धरीन.