जावयानं बांधलेली मोटर

गेल्या उन्हाळ्यात मी मेहुण्याची होडी जवळजवळ बुडवली, आणि तीही सामान व्यवस्थित बांधून.

माझी सासुरवाडी उजनी धरणाच्या फुगवट्यावर. मेहुण्याची, म्हणजे दत्ताची, केळीची बाग पलीकडच्या काठाला. त्याची पाण्याची मोटर जळाली होती आणि केळींनी माना टाकायला सुरुवात केली होती. सोलापुरात नवं वायंडिंग करून घेतलेली मोटर मी आणि बायको टेम्पोतून घेऊन गेलो. तिथून पुढं होडी. दत्तानं होडीत बांबू उभा करून निळ्या ताडपत्रीचं शीड चढवलं होतं. ("वारं फुकट हाय की, दाजी!")

मोटर मधोमध ठेवून दत्तानं ती फळीला बांधली. मी हलवून पाहिली. किंचित हलली! आता माझं पडलं चादरींचं दुकान. गठ्ठे बांधण्यात उभा जन्म गेला. मी बांधलेला गठ्ठा आजवर एकाही गिऱ्हाइकाला कात्रीशिवाय उघडता आलेला नाही. (लोक तक्रार करतात, मी ते कौतुक समजतो.) शिडाच्या खालच्या कोपऱ्याला एक लांबलचक दोर नुसताच लोंबत होता. मी तो घेतला, मोटरीभोवती आवळला, फळीखालून काढला आणि गाठीवर गाठ, गाठीवर गाठ!

दत्ताचा चेहरा उतरला. "दाजी, त्यो दोर हातात धरायचा असतोय. वारं जोरात आलं की सोडायचा."

"सोडला तर मोटर जाईल ना!"

"आवो, मोटरीला दुसरा दोर..."

"दत्ता!" काठावरून सासरे गरजले. "जावईमाणसानं हौसेनं बांधलंय, सोडायचं न्हाय!"

आमच्या सासुरवाडीत जावयानं चहात मीठ घातलं तरी सगळे गुमान पितात. दत्तानं मुकाट्यानं होडी लोटली.

काठापासून जरा पुढं जातोय तोच वारा आला. आला म्हणजे काय, अंगावर धावूनच आला! ताडपत्री फाडकन फुगली, होडी एका अंगावर झुकली, पाणी आत! माझा आ वासला तो वासलेलाच.

"दाजी, गाठ सोडा!"

"सुटत नाही!"

"मारली कुणी?"

"मी!"

"मग सोडा की!"

"अरे, माझी गाठ सुटत नसते!" (हे मी अभिमानानं म्हणालो. तशाही अवस्थेत!)

दत्तानं बुडाशी पडलेला कोयता उचलला आणि एका घावात दोर तोडला. शीड मोकळं फडफडलं, होडी झटक्यात सरळ झाली. इतक्या झटक्यात, की काय झालं ते कळायच्या आत अर्धी उजनी माझ्या नाकातोंडात होती.

धडपडत उभा राहिलो. पाणी छातीएवढं. दत्ता होडीतून डोळे फाडून बघतोय. काठावरून बायकोनं किंकाळी फोडली, "अगं बाई! दत्ता, मोटर भिजली का रे?"

"न्हाय गं ताई! मोटर जागची हलली न्हाय! दाजीच गेले!"

संध्याकाळी केळीला पाणी सुटलं. सासऱ्यांनी मला कोरडं धोतर दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "काय बी म्हणा पावणं, बांधणी लई पक्की."

पक्की होतीच. फक्त होडीतलं सगळ्यात जड सामान तेवढं बांधायचं राहून गेलं होतं.