गाठी न सोडलेला शर्ट

"देवानं लोकांना डोळे दिलेत, वापरू देत की!" असं म्हणत तो गळ्यातला बांधणीचा रुमाल कॉलरमध्ये खोचायचा आणि ऐटीत पेढीवर शिरायचा. श्रीरामपुरातल्या एका कापसाच्या पेढीवर आम्ही दोघे शेजारी बसणारे कारकून. बहात्तरच्या दुष्काळाचा तो काळ. गावाला प्यायच्या पाण्याची चिंता होती, आणि आमच्या या गृहस्थांना बेलबॉटमची मोहरी किती रुंद ठेवावी याची.

बाकी आम्ही सगळे शहाणे होतो. पांढरा शर्ट, करडी पँट, डोक्याला चपचपीत खोबरेल. आमच्याकडे पाहून कुणाला काही वाटेल असा धोकाच नव्हता. हा मात्र कुठल्याशा मासिकातला फोटो बघून लाल ठिपक्यांची ओढणी कोटाखाली टायसारखी बांधून यायचा. शेठ विचारायचे, "आज कोणाची ओढणी पळवलीस?" हा शांतपणे म्हणायचा, "शेठ, रंग चांगला आहे ना?" रंग शेठना खरोखरच आवडलेला असायचा, म्हणून ते जास्तच चिडायचे.

असा एखादा नमुना तुमच्याही ओळखीत असेल. त्याला हसणं हे आपण गावकीचं काम समजतो, आणि आम्ही ते मन लावून केलं.

त्याचं लग्न मात्र काही केल्या जमेना. मुलगी बघायला जायचा आणि मागोमाग निरोप यायचा: मुलगा चांगला आहे, पण घालतो काय! आई रडकुंडीला यायची. "एक दिवस तरी पांढरा शर्ट घाल रे बाबा." तो म्हणायचा, "आई, मग लग्न त्या शर्टाचं होईल." एकदा चहा पिताना मात्र हळूच म्हणाला, "हसत का होईना, एखादी बघेल ना रे माझ्याकडं?" त्या वेळी मला हसू आलं नाही. त्याला संसार हवा होता, आमच्या कुणाहूनही जास्त.

कोल्हारचं स्थळ आलं तेव्हा त्याने ठरवलं, आता खास शर्ट शिवायचा. आठवडे बाजारात एक काठेवाडी विक्रेता बांधणी घेऊन बसायचा. बांधणीचं कापड जागोजागी चिमटीत धरून, दोऱ्याने गाठी बांधून रंगवतात. अस्सल माल गाठींसकटच विकायला येतो, आणि गिऱ्हाइकासमोर दोन टोकं धरून ओढला की गाठी सुटून कापड मोठं होतं. हे आज सांगतोय, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. विक्रेत्याने ओढायला कापड हातात धरलं, तर हा ओरडला, "अहो, थांबा! त्या सुरकुत्यांतच तर सगळी फॅशन आहे!" गाठींसकट लालभडक कापड आलं, गाठींसकट अंगाबरोबर शर्ट शिवला गेला. खाली पांढरी बेलबॉटम. मी सोबतीला, अर्थात पांढऱ्या शर्टात.

मुलीच्या वडिलांनी ओसरीवर बसवलं. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली. तिची म्हातारी मावशी डोळे बारीक करून शर्टाकडे बघत होती.

"आगं बया! पाव्हनं, गाठी सोडल्याच न्हाईत का तुमी? आमी सुरतेला हुतो, तिथं आसं वढत्यात बघा." आणि आम्ही काही बोलायच्या आत तिने बाही धरून ओढली. तटातट दोरे सुटले, शिवण उसवली, चार दोरे पोह्यांत पडले. बाही बोटांच्या खाली वीतभर लोंबू लागली.

वडील म्हणाले, "आमी जावई बघतोय, सोंग न्हाई."

आता उठावं म्हणून मी चपला शोधू लागलो. त्याचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला होता. पण त्याने दुसरा हात मुलीपुढे केला. "आता हीही सोडा. एक बाही अशी, एक तशी, गावातून जाऊ कसा?"

पदराआड हसत होती ती. तिने ताट खाली ठेवलं, वडिलांकडे एकदा पाहिलं आणि बाही ओढली. मग म्हणाली, "आप्पा, मला चालंल हे."

त्या घरात हा प्रश्न मुलीला विचारायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि तिने उत्तर देऊन टाकलं होतं.

लग्न झालं. पुढे मावशीच्या ओळखीने त्याला बडोद्याला नोकरी लागली. स्टेशनवर पोचवायला गेलो, तर बायकोच्या अंगात बांधणीच्या साडीवर त्याचा कोट! सगळा प्लॅटफॉर्म टकामका बघत होता. तो परत कधी श्रीरामपूरला आला नाही, आणि पेढीवर आम्ही ज्याला हसावं असं कुणी उरलं नाही.

त्या दिवशी घरी आलो. बायको चुलीपुढे होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "मी बघायला आलो होतो तेव्हा तू काय म्हणालीस गं?"

"मला कुनी इचारलं हुतं?" ती म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.